‘मॅपिंगचा तक्ता जोडा’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय जोडू?

पाटीवाला_नाशिक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आम्ही तिघे मित्र. दोघे कोड लिहिणारे, एक धंद्याकडे बघणारा. तो तिसरा मी, म्हणून हे घोंगडं माझ्या गळ्यात. सिडकोत एका फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून चार वर्षांपासून पहिली ते पाचवीच्या गणिताच्या सरावाचं ॲप चालवतोय. अकराशेच्या आसपास प्रश्न आणि सत्तरेक छोटे व्हिडिओ आहेत. सुरुवात इंदूरच्या दोन सीबीएसई शाळांत झाली, त्यामुळे मूळ मजकूर हिंदीत. मग इंग्रजी केलं, आणि गेल्या वर्षी एका एजन्सीकडून मराठी भाषांतर करून घेतलं.

आता एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) त्र्यंबकेश्वर-इगतपुरी पट्ट्यातल्या चाळीस जिल्हा परिषद शाळांत ॲप द्यायची संधी आलीय. डेमो आवडला. आणि मग त्यांच्या शिक्षण सल्लागारांचा मेल आला: ‘आपले उत्पादन राष्ट्रीय मानकांशी संलग्न असल्याचा मॅपिंग तक्ता जोडावा. निपुण भारत, एनसीएफ व अध्ययन निष्पत्ती यांचा स्वतंत्र उल्लेख असावा.’ मुदत पंधरा दिवस.

गेले तीन दिवस पीडीएफ वाचतोय. एकात ‘सीजी’ आणि ‘सी’चे क्रमांक, दुसऱ्यात ०३.७१ असले आकडे, तिसऱ्यात मिनिटाला किती शब्द वाचले पाहिजेत ते. डोकं भणभणलंय.

माझे प्रश्न:

यातलं खरं मानक कोणतं? की सगळीच?
प्रत्येक प्रश्नापुढे क्रमांक टाकून दिला की काम झालं, की प्रश्नच बदलावे लागतील?
आणि मराठी भाषांतर झालेलं असताना एका शिक्षकाने डेमोनंतर ‘हे आपलं नाही वाटत’ असं का म्हटलं असेल? नीट विचारलं तर म्हणाले, ‘बघा तुम्हीच.’

अनुभवी लोकांनी जरा उजेड पाडावा.

---

रात्रपाळी

भावा, पंधरा दिवस कशाला? सगळे प्रश्न एका शीटमध्ये घे, निष्पत्ती दुसऱ्या शीटमध्ये, आणि एआयला सांग जोड्या लाव. आम्ही आठवीच्या विज्ञानाचं एका रात्रीत केलं होतं. हिरव्या रंगाने रंगवून दिलं की क्लायंट खूश.

(कंत्राट मिळालं. पुढच्या वर्षी नूतनीकरण झालं नाही. कारण विचारू नये.)

---

गुंडाळफळा

रात्रपाळी, नूतनीकरण का झालं नाही ते मी सांगते, कारण हाच पराक्रम मीही केलेला आहे.

आधी माझी ओळख. सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली अकरा द्विशिक्षकी शाळेत. म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग, दोन माणसं, आणि त्यातलं एक माणूस कायम कुठल्यातरी बैठकीला किंवा माहिती भरायला गेलेलं. मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुण्यात एका कंपनीच्या मजकूर विभागात सहा वर्षं काढली. नाव सांगत नाही, आता ती तशी राहिलेलीही नाही.

पहिल्याच वर्षी माझ्याकडे तक्त्याचं काम आलं. सहाशे व्हिडिओ आणि निष्पत्तींची, म्हणजे मुलाला काय करता आलं पाहिजे त्याची, यादी. मी आणि दोन मुली बसलो, व्हिडिओचं शीर्षक वाचायचं आणि जवळची निष्पत्ती शोधून क्रमांक टाकायचा. ‘संख्यांची तुलना’ नावाचा व्हिडिओ, समोर ‘संख्यांची तुलना करतो’ अशी निष्पत्ती. टाक क्रमांक. आठ दिवसांत सहाशे ओळी हिरव्यागार.

तो तक्ता घेऊन आम्ही एका जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, गेलो. तिथल्या अधिव्याख्याता बाईंनी मधलीच एक ओळ काढली, व्हिडिओ लावायला सांगितला, अडीच मिनिटं शांतपणे बघितला. मग विचारलं, ‘छान आहे. यात मूल काय करतं?’

मी म्हटलं, ‘बघतं.’

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं: ‘इथे लिहिलंय, तुलना करतो.’

बस्स. पुढे दहा मिनिटं त्या चहाबद्दल बोलत होत्या, पण मला काही ऐकू येत नव्हतं. सतरा वर्षं मी स्वतः त्या निष्पत्ती भिंतीवर चिकटवल्या होत्या, आणि कंपनीच्या खुर्चीत बसल्यावर क्रियापद वाचायचंच विसरले. निष्पत्ती कुठलीही काढा, शेवटी क्रियापद असतं: सांगतो, लिहितो, मोजतो, सोडवतो, तयार करतो. विषय जुळणं सोपं. क्रियापद जुळतंय का ते बघण्यात खरे पंधरा दिवस जातात.

आता तुमच्या पीडीएफच्या गुंत्याकडे येते.

शिक्षण १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. म्हणून दिल्लीत जे लिहिलं जातं ते तसंच तुमच्या त्र्यंबकच्या वर्गात उतरत नाही. मध्ये राज्य असतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हे वरचं छत. त्याखाली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, म्हणजे तुमचा एनसीएफ: पायाभूत स्तराचा (दुसरीपर्यंतचा) ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, शालेय शिक्षणाचा ऑगस्ट २०२३ मध्ये. तुम्ही बघितलेले ‘सीजी’ आणि ‘सी’ त्यातले, म्हणजे अभ्यासक्रम ध्येय आणि क्षमता. पायाभूत स्तरात गणिताचं ध्येय आठवं, त्याखालच्या क्षमता ८.१, ८.२ अशा. त्यावरून महाराष्ट्राने स्वतःचा राज्य आराखडा केला आणि २०२५-२६ ला पहिलीपासून नवी पुस्तकं टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

ते ०३.७१ वगैरे आकडे वेगळ्या पिढीचे. २०१७ मध्ये एनसीईआरटीने इयत्तावार निष्पत्ती काढल्या, त्या शिक्षण हक्काच्या नियमांतही घातल्या गेल्या, आणि बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर छापून आल्या. पहिला आकडा इयत्ता, ७१ म्हणजे गणित, शेवटचा अनुक्रम. तुमच्या चाळीस शाळांत खालच्या वर्गात नवं आणि वरच्या वर्गात जुनं असं एकाच छपराखाली चालू असणार. त्यामुळे तक्त्यात ‘कोणत्या वर्षीचं पुस्तक’ हा रकाना सगळ्यात आधी घाला. हा रकाना नसलेला तक्ता एका जूनपुरताच जगतो.

निपुण भारत म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. ते जुलै २०२१ मध्ये सुरू झालेलं अभियान आहे, तिसरीपर्यंत वाचन आणि गणन पक्कं व्हावं म्हणून. २०२६-२७ ही त्याची मुदत. त्याची लक्ष्यं मोजता येतील अशी आहेत: पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीअखेर ९९९, तिसरीअखेर ९९९९. वाचनाचं दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द. (मराठीत ‘शाळेतल्यासारखंच’ हा एक शब्द धरायचा, हे मला अजून पटलेलं नाही. पण तो वेगळा धागा होईल.)

आता गंमत बघा. निपुण दुसरीला ९९९ म्हणतं, आणि पायाभूत स्तराच्या आराखड्यातली मोजणीची क्षमता ९९ पर्यंतची आहे, तीही दुसरीपर्यंतचीच. दोन्ही केंद्राचीच कागदं. तुमच्या दुसरीच्या २४८ वरच्या प्रश्नाला निपुणचं लक्ष्य सापडेल, ती क्षमता सापडणार नाही. अशा वेळी ओढूनताणून क्रमांक टाकू नका, रकाना मोकळा सोडा. सल्लागार खरंच वाचणारे असतील तर मोकळे रकाने बघूनच त्यांचा विश्वास बसेल. वाचणारे नसतील तर तसाही फरक पडत नाही.

काम कसं करायचं? प्रश्नाकडून निष्पत्तीकडे जाऊ नका. उलट जा. एक निष्पत्ती घ्या, ती मोठ्याने वाचा, आणि विचारा की हे मुलाला येतंय हे मला कशावरून कळेल. कागदावर लिहा. मग तुमच्या अकराशेत तसं काही आहे का शोधा. तीन ढीग होतील. पहिल्यात मूल खरंच ते क्रियापद करतं. दुसऱ्यात विषय तोच पण मूल नुसतं पर्याय टिचकवतं. आमच्याकडे हाच ढीग सगळ्यात मोठा निघाला होता, तुमच्याकडेही तोच निघेल. तिसऱ्यात मानकात कुठेच न बसणारे प्रश्न; ते टाकून देऊ नका, फक्त त्यांना क्रमांक लावू नका. आणि याशिवाय ज्या निष्पत्तींसमोर एकही प्रश्न नाही अशा ओळी निघतील. अंदाज, मापन, आकृतिबंध, ‘स्वतः शाब्दिक उदाहरण तयार करतो’, या ओळी हमखास रिकाम्या असतात, कारण पडद्यावर त्या करणं अवघड.

पंधरा दिवसांत पाचही इयत्ता होणार नाहीत. दुसरी आणि तिसरी करा, नीट करा, आणि तसं लिहून द्या.

---

पाटीवाला_नाशिक

ताई, साष्टांग. तीन दिवसांत जे पीडीएफमधून कळलं नाही ते इथे कळलं.

तुमचा प्रतिसाद वाचून लगेच दुसरीचे पन्नास प्रश्न काढून बघितले. ‘लहान-मोठी संख्या ओळखा’चे बावीस प्रश्न आहेत आणि बावीसही दोन पर्यायांतून एक टिचकवायचे. नुसतं डोळे मिटून टिचकवलं तरी अर्धे बरोबर येतील. लाज वाटली.

भाषांतराबद्दल काही सांगाल का? एजन्सीने मराठी माणसाकडूनच करून घेतलंय, शुद्धलेखन वगैरे तपासलेलं आहे.

---

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक गणिताच्या एका छोट्या कंपनीत आहे. आमचा उलटा किस्सा, भारतात बनलेला मजकूर इकडे आणला तेव्हाचा.

इथला राष्ट्रीय अभ्यासक्रम २०१४ पासूनचा, आणि ‘राष्ट्रीय’ म्हणजे फक्त इंग्लंड. वेल्स आणि स्कॉटलंडचे आपापले वेगळे. हे आम्हाला कार्डिफच्या एका शाळेत डेमो दिल्यावर कळलं, तेही तिथल्या मुख्याध्यापिकेने फार सभ्यपणे सांगितलं म्हणून.

पाढ्यांचं घ्या. आपण ‘मुलं तीसपर्यंत पाढे म्हणतात’ याचाच अभिमान घेऊन आलो. इथे चौथ्या वर्षाच्या अखेरीला १२ गुणिले १२ पर्यंत, आणि त्याची देशभर पडद्यावर चाचणी होते. २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, मध्ये ३ सेकंदांची विश्रांती. आमच्या ॲपमध्ये ‘वेळेचं दडपण नको’ म्हणून घड्याळच नव्हतं. शैक्षणिकदृष्ट्या मला अजूनही तेच बरोबर वाटतं, पण मे महिन्यात शिक्षकाला हवा असतो तो ६ सेकंदांचा सराव. शेवटी वर्षभर घड्याळाविना आणि उन्हाळी सत्रात घड्याळासह, असे दोन भाग केले.

आणि बारीकसारीक: आपण हातचा वर लिहितो. इथल्या अभ्यासक्रमाच्या परिशिष्टात उभ्या बेरजेचे जे नमुने दिलेत त्यात तो रेघेच्या खाली आहे. आमच्या ॲनिमेशनमध्ये हातचा तुरुतुरु वर जाऊन बसायचा. मुलं म्हणायची, ‘चुकलं.’ छत्तीस ॲनिमेशन परत केली. मानकांच्या तक्त्यात हे कुठेच पकडलं गेलं नव्हतं, कारण तक्त्यात फक्त ‘उभ्या मांडणीने बेरीज करतो’ एवढंच असतं.

---

कलम_नऊ

पेशाने वकील, हौसेने पालक. दोन गोष्टी, मॅपिंगच्या बाहेरच्या, पण त्याच मेलमध्ये उद्या विचारल्या जातील.

एक: तक्ता बनवताना पुस्तकातली उदाहरणं ‘जुळावीत’ म्हणून जशीच्या तशी उचलायचा मोह होतो. बालभारतीच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर स्पष्ट छापलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. एनसीईआरटीनेही २०२४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. निष्पत्तीचा क्रमांक देणं वेगळं आणि पान ३४ वरचं आंब्यांचं उदाहरण ॲपमध्ये टाकणं वेगळं. आंब्यांच्या जागी पेरू घातले तरी मी तुमची केस हातात घेणार नाही.

दोन: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात ‘बालक’. पालकाची पडताळता येईल अशी संमती, मुलाच्या वर्तनावर पाळत नाही, त्याला लक्ष्य करून जाहिरात नाही. मुलांबाबतच्या या अटी मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नियम आले, त्यात शैक्षणिक संस्थांना काही मर्यादित सवलती आहेत. पण त्या शाळेच्या कामापुरत्या. तुमचं ॲप रात्री नऊला घरी उघडलं गेलं तर ते शाळेचं काम की तुमचं, हा प्रश्न करारात लिहून घ्या. आणि मुलाचं पूर्ण नाव कशाला हवंय? हजेरी क्रमांकावर भागत असेल तर भागवा.

---

गुंडाळफळा

लेस्टरकर, तो हातच्याचा किस्सा अगदी पटला.

पाटीवाला, तुमच्या भाषांतराचं. मजकूर मी बघितलेला नाही, पण हिंदीतून आलाय म्हणता, तर आधी हे शब्द शोधून बघा: भिन्न, हर, परिमाप, त्रिभुज, वृत्त, गुणनखंड, हासिल. आपल्याकडे अपूर्णांक, छेद, परिमिती, त्रिकोण, वर्तुळ, अवयव, हातचा. शुद्धलेखन तपासणाऱ्याला यातले बरेच सापडत नाहीत, कारण ‘भिन्न’ आणि ‘वृत्त’ हे शुद्ध मराठी शब्दच आहेत. फक्त चौथीच्या मुलाला ‘वृत्त’ म्हणजे बातमी वाटते. तुमच्या त्या गुरुजींना ‘आपलं वाटत नाही’ ते बहुतेक इथे. सांगितलं नाही कारण डेमोला पाहुणे आलेले असतात, चहा मागवलेला असतो.

पण शब्द बदलले की संपलं असं समजू नका. आमच्या कंपनीच्या वेळची एक गोष्ट सांगते.

दुसरीचा वर्ग. ॲप संख्या बोलून दाखवतं, मुलाने दोन चौकटींत अंक भरायचे. डावी चौकट दशकाची, उजवी एककाची, आणि पहिला अंक टाकला की तो आपोआप डाव्या चौकटीत जायचा. आवाज आला: ‘त्रेसष्ट.’ एका मुलीने चटकन ३ दाबला, मग ६. पडद्यावर ३६, लाल फुली. पुढे ‘पंचेचाळीस’. ५, मग ४. फुली. चार प्रश्नांत चार फुल्या, आणि आमच्या अहवालात तिच्या नावापुढे आलं: ‘स्थानिक किंमत: समज नाही.’

मी तिच्याजवळ जाऊन बसले. काड्यांचे गठ्ठे होते. म्हटलं, त्रेसष्ट काढ. तिने सहा गठ्ठे उचलले, तीन सुट्ट्या काड्या शेजारी ठेवल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढं काय विचारायचं.

मराठी संख्यानावात एकक आधी बोललं जातं आणि दशक मागून येतं. त्रे, मग सष्ट. ती ऐकेल तसं टाइप करत होती. कागदावर हीच मुलगी आधी ३ लिहून मग डावीकडे ६ लिहायची आणि ते बरोबर यायचं! चूक आमच्या चौकटीची होती. इंग्रजीत ‘सिक्स्टी थ्री’ ऐकून बनवलेली चौकट. हिंदीतही हीच अडचण आहे, म्हणजे तुमच्या इंदूरच्या आकड्यांतही ही चूक दडलेली असणार.

आठवत असेल, २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, साठ तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर पुस्तकाच्या समितीच्या बाजूने समजावून सांगत होत्या आणि समाजमाध्यमांवर लोक विनोद करत होते. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ सोडवत नाही, पण त्या मुलीला बघितल्यावर बाईंचा मुद्दा काय होता ते कळलं. तुमच्या ॲपमध्ये दोन्ही आवाज ठेवा आणि चौकट कुठूनही भरता येऊ द्या.

तक्त्यात आमचा तो प्रश्न स्थानिक किमतीच्या निष्पत्तीसमोर हिरवा होता. क्रियापदही जुळत होतं हो! तरी तो मोजत होता भलतंच. म्हणून तक्ता पाठवायच्या आधी एक दिवस एका शाळेत जा. लॅपटॉप नेऊ नका. मुलाच्या शेजारी खाली बसा, आणि जिथे फुली येईल तिथे काड्या पुढे करा.

जाताना गुरुजींना त्यांची आकारिक नोंदवही, म्हणजे मुलांच्या प्रगतीच्या नोंदींची वही, दाखवायला सांगा. त्यांना तुमच्या अहवालातून तिथे काय उतरवता येईल तेवढंच बघा. ‘७२ टक्के प्रावीण्य’ त्या वहीत बसत नाही. ‘दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी करतो, शून्य आल्यास अडतो’ हे बसतं. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख विचारतात तेही हेच.

बाकी तिसऱ्या भाषेचा वगैरे मजकूर करायच्या भानगडीत सध्या पडू नका. २०२५ ला एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत एका ओळखीच्या कंपनीने अख्खी पहिलीची हिंदी गाणी रेकॉर्ड करून ठेवली. अजून ती हार्ड डिस्कवर वाजताहेत.

---

रात्रपाळी

ताई, नूतनीकरणाचं कारण कळलं. आमच्याकडे तर पाठ्यपुस्तकच बदललेलं होतं, एआयने जुन्या पुस्तकाशी जोड्या लावल्या होत्या. वर्षाचा रकाना नव्हता.

---

पाटीवाला_नाशिक

मंडळी, अद्यतन. काल तक्ता पाठवला.

दुसरी आणि तिसरी, एवढंच. या दोन इयत्तांचे ४६० प्रश्न होते, पहिल्या ढिगात १३२ उरले. मित्र दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. दुसऱ्या ढिगातल्या ‘लहान-मोठी’च्या बावीसांपैकी आठ आम्ही बदलले: आता मूल अंकांची तीन कार्डं सरकवून सर्वांत मोठी संख्या स्वतः बनवतं. रिकाम्या ओळी रिकाम्याच ठेवल्या आणि खाली लिहिलं की या बाबी शिक्षकाने प्रत्यक्ष साहित्यावर घ्याव्यात, ॲप त्यात मदत करत नाही. हे वाक्य लिहिताना हात थरथरला, खरं सांगतो.

‘भिन्न’ सापडलं. एकतीस ठिकाणी. ‘हर’ चौदा ठिकाणी. ‘हासिल’ एकाच ठिकाणी होतं, पण नेमकं डेमोच्या प्रश्नात.

शनिवारी सकाळी त्र्यंबकच्या पुढे एका द्विशिक्षकी शाळेत गेलो. काड्या नव्हत्या, बाईंनी चिंचोके आणि आगपेटीच्या डब्या दिल्या, एका डबीत दहा. ताईंनी सांगितलेलं तसंच झालं, फक्त संख्या वेगळी, ‘सत्त्याऐंशी’. मुलाने ७८ केलं, फुली आली, आणि चिंचोक्यांत मात्र आठ डब्या आणि सात सुटे. चौकटीचं कोड रविवारी बदललं. दोन तासांचं काम होतं, चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता नवीनच अडचण. आमचे आकडे ज्या मुलीच्या आवाजात आहेत ती इंदूरची. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, ‘हिचं एकोणसत्तर आणि एकोणऐंशी मला वेगळं ओळखू येत नाही, मुलांना कसं येणार?’ परत ऐकलं तर खरंच. एक ते हजार सगळं पुन्हा रेकॉर्ड करायचंय, दोन्ही पद्धतींनी. नाशिकमध्ये स्वच्छ मराठी आवाज असलेलं कोणी आहे का? मानधन देऊ, फार नाही पण वेळेवर.

---

गुंडाळफळा

हजार कशाला रेकॉर्ड करताय? एक ते शंभर, मग शेकडे, आणि जोडा. ‘एकशे’ आणि ‘दोनशे’ तेवढे नीट वेगळे म्हणून घ्या.

माझी भाची पंचवटीत राहते, रेडिओवर हंगामी निवेदन करते. तिचं एकोणऐंशी मी स्वतः ऐकून घेते आणि मग तुम्हाला व्यनि करते.